६१७४ : एक नवलाची संख्या

गणिताचें नांव काढतांच कपाळास आठ्या घालणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांनींही घटकाभर पाटी-पेन्सिल घेऊन आमच्याबरोबर बसावें; वजाबाकीपलीकडे फारसें कांहीं लागणार नाहीं.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक प्रथम उतरत्या व मग चढत्या क्रमानें मांडून मोठ्या संख्येंतून लहान संख्या वजा करा. येणाऱ्या बाकीवर हीच कृति पुनः करीत जा. बाकी तीन अंकी आल्यास आरंभीं शून्य मांडावें. उदाहरणार्थ, १९०५ घेऊं :

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आतां ६१७४ पासून पुनः ६१७४ च निघते. कोणत्याही संख्येपासून आरंभ करा, फार तर सात पायऱ्यांत याच मुक्कामास पोहोंचाल.

१९०५ ही संख्या आम्हीं सहज घेतली नाहीं. हा गुणधर्म शोधून काढणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचें तें जन्मवर्ष होय. नाशिकजवळील देवळाली येथें ते १९३० पासून १९६२ पर्यंत शाळेंत शिक्षक होते. १९४९ सालीं त्यांनीं हा शोध प्रकट केला. पुढें १९७५ सालीं अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत त्यांच्याविषयीं लिहिलें आणि या शाळामास्तरांचें नांव देशोदेशीं पोहोंचलें.

परंतु शंभर उदाहरणें जुळलीं म्हणून नियम सिद्ध झाला काय? मुळींच नाहीं, एकशेंएकावें कदाचित् चुकेल. आणि तपासावयाच्या संख्या तर ८९९१ आहेत! येथें विचार श्रम वांचवितो. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील अंतरास ९९९ नें गुणा, मधल्या दोन अंकांतील अंतरास ९० नें गुणा, आणि दोहोंची बेरीज करा. तीच आपली बाकी. १९०५ मध्यें हीं अंतरें ९ व ४. ८९९१ आणि ३६० मिळून ९३५१ झाले. पहिलें अंतर १ ते ९ पैकीं कोणतेंही असेल. दुसरें शून्यापासून पहिल्याइतकें, त्याहून अधिक नाहीं. अशा जोड्या २ + ३ + … + १० म्हणजे अवघ्या ५४ होतात. म्हणून पहिल्या वजाबाकीनंतर ५४ च बाक्या संभवतात. तेवढ्या तपासल्या कीं शंकेस जागा उरत नाहीं.

एका वर्गानें हें काम वांटून घेतल्यास तें तासाभरांत उरकेल. मग हा नियम आमच्या शब्दावर मानण्याचें कारण नाहीं. तो तुम्हीं स्वतः सिद्ध केलेला असेल. आईबापांनीं तोंवर घरीं १९४९ घेऊन पाहावें. किती पायऱ्या लागतात, तें आम्ही सांगत नाहीं.