काळं किती काळं? गेमिंग मॉनिटरचं पॅनल निवडताना

गेमिंगसाठी मॉनिटर घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: टीएन, आयपीएस, व्हीए, ओएलईडी, यात चांगलं कुठलं? नुसतं एवढंच विचारलं तर उत्तर हमखास चुकतं. खेळ कुठला खेळता, खोलीत उजेड किती, आणि त्याच पडद्यावर दिवसभर आणखी काय चालतं, हे कळल्याशिवाय पॅनल ठरवता येत नाही. ग्राफिक्स कार्ड मधेच बदलतं, रॅम वाढवता येते. मॉनिटर मात्र एकदा घेतला की वर्षानुवर्षं टेबलावर तोच असतो. म्हणून जरा खोलात जाऊ.

कोल्हापूरकरांना पडदा म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथंच उभी राहिली, 'अयोध्येचा राजा' इथंच तयार झाला, आणि मग १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. आता थिएटरातला पडदा आठवा. तो पांढरा असतो. प्रोजेक्टरचा झोत येतो, फिल्मचा गडद भाग तो अडवतो, आणि जिथं उजेड पोचत नाही तिथं आपल्याला काळं दिसतं. काळा रंग कुणी पडद्यावर टाकत नाही, उजेड अडवला जातो. एलसीडी मॉनिटरचं तत्त्व हेच आहे. मागं एलईडीचा दिवा सतत पेटलेला आणि पुढं द्रव स्फटिकांची झडप. झडप घट्ट मिटली तर काळं, फट राहिली तर करडं. टीएन, आयपीएस आणि व्हीए ही तीन नावं म्हणजे ही झडप उघडायच्या आणि मिटायच्या तीन पद्धती.

टीएन सगळ्यात जुनी, १९७० च्या सुमाराची. स्फटिकांची रांग जिन्यासारखी पिळलेली असते, वीज दिली की पीळ सुटतो आणि उजेड अडतो. चपळ आणि स्वस्त, पण बाजूनं पाहिलं की रंग उलटेपालटे. ते जरा बरं दिसावं म्हणून टीएनवर जी फिल्म लावत, तिच्यात चकतीच्या आकाराचे रेणू वापरले गेले. आणि असे चकतीसारखे रेणूही द्रव स्फटिक बनवतात हा शोध १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी लावला होता. एवढं कौतुक करूनसुद्धा आज नवा टीएन घ्या असं आम्ही फारसं कुणाला सांगणार नाही.

आयपीएसमध्ये स्फटिक काचेला समांतर राहूनच फिरतात. त्यामुळं शेजारी बसलेल्या मित्रालाही चित्र तसंच दिसतं, रंग भरवशाचे असतात आणि वेगही आता पुरेसा आहे. उणीव एकच, पण मोठी: झडप नीट मिटत नाही. पांढरं आणि काळं यातला फरक साधारण हजारास एक इतकाच. रात्री दिवा घालवून भुताचा गेम लावला की अंधार काळा न दिसता धुरकट दिसतो, आणि कोपऱ्यातून उजेड डोकावतो.

व्हीएचं तंत्र उलटं. वीज नसताना स्फटिक काचेवर काटकोनात उभे असतात, त्यामुळं झडप घट्ट मिटते. फरक तीन हजारास एकच्या आसपास जातो. मग सगळ्यांनी व्हीएच का घेऊ नये? कारण हे उभे स्फटिक हलवायचे असतात. पूर्ण काळ्यातून पांढऱ्यात जाताना विजेचा जोर मोठा, ते पटकन हलतात. पण काळ्यातून जरा कमी काळ्यात जायचं असेल तर जोर थोडाच मिळतो आणि हालचाल सुस्तावते. अंधाऱ्या बोगद्यात पात्र पळतंय आणि त्याच्यामागं काळी शेपटी ओढली जातेय, असं दिसतं ते यामुळं. सगळ्याच व्हीएमध्ये हा त्रास सारखा नसतो, पण स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेल्समध्ये असतो. खोक्यावर मात्र '१ मिलिसेकंद' लिहिलेलं असतं. तो आकडा बहुतेकदा सगळ्यात सोयीच्या बदलाचा, किंवा दिवा लुकलुकवून काढलेला असतो. त्यावर विसंबून पैसे घालू नका.

आता ओएलईडी. इथं झडपच नाही, प्रत्येक पिक्सेल स्वतःच दिवा. काळं हवं तर दिवा बंद. अंधाऱ्या खोलीत याच्याशी कुणाचीच बरोबरी नाही, आणि पिक्सेल बदलायचा वेगही एलसीडीच्या कितीतरी पुढं. पण आपल्या घरांचा विचार करा. खिडकीतून भरपूर ऊन येतंय, वर ट्यूबलाइट आहे. क्यूडी-ओएलईडी प्रकारच्या पडद्यावर बाहेरचा उजेड पडला की काळं जांभळट-करडं दिसायला लागतं. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले, तेच दिवसा निघून जातं.

दुसरं, मराठी वाचणाऱ्यांसाठी. या पडद्यात लाल, हिरवा, निळा हे ठिपके एका ओळीत नसून त्रिकोणात असतात, हिरवा वर आणि बाकीचे दोन खाली. त्यामुळं आडव्या रेघांच्या काठाला हिरवट-गुलाबी झाक येते. आपली शिरोरेघ आडवीच की! दिवसा त्याच मॉनिटरवर देवनागरीत टायपिंग करायचं असेल तर हे आधी डोळ्यांनी बघून घ्या.

तिसरी गोष्ट तर घरच्या सवयीची. ओएलईडीचे पिक्सेल वापरानं झिजतात. एकाच जागी राहणारा नकाशा, लाइफची पट्टी, खालचा टास्कबार यांचा डाग कायमचा उमटू शकतो. ते टाळायला मॉनिटर वापर झाल्यावर, स्टँडबायमध्ये असताना, स्वतःची दुरुस्ती करून घेतो. आणि आपल्याकडं झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची शिस्त. वीज गेली की ती दुरुस्ती राहिली. ओएलईडी घेणार असाल तर आईला हे आधी समजावून सांगा.

वेगाचं गणित सोपं आहे. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद थांबतं, १४४ वर ६.९. सेकंदाला १२०० पिक्सेल सरकणारा शत्रू डोळ्यांना ६० हर्ट्झवर २० पिक्सेल पुसट दिसतो, २४० वर ५. ओएलईडी असला तरी हे सुटत नाही, कारण चित्र तेवढा वेळ थांबलेलंच असतं. पण तुमचं कार्ड सेकंदाला ७० चित्रंच काढत असेल तर २४० हर्ट्झ काय कामाचे? ओएलईडीवर सगळे पैसे संपवण्यापेक्षा बरा आयपीएस घ्या आणि उरलेले कार्डात घाला. कॉलेजच्या मुलांना आमचा सल्ला बहुतेक वेळा हाच असतो, आणि उजेडाच्या खोलीत व्हॅलोरंट खेळणाऱ्याला त्यात काही कमी पडत नाही. रात्री एकट्यानं गोष्टीचे, अंधारातले गेम खेळणाऱ्याचं वेगळं: त्यानं चांगला व्हीए बघावा, आणि खिसा असेल तर ओएलईडी.

दुकानात गेलात, राजारामपुरीत असो की आणखी कुठं, तर तिथला चकचकीत डेमो व्हिडिओ बघू नका. तो सगळ्याच पडद्यांवर सुंदर दिसतो. पेन ड्राइव्हवर तीन गोष्टी न्या. एक पूर्ण काळं चित्र, ते लावून कोपरे बघा. तुमच्याच गेमचा अंधारातला, कॅमेरा झपाट्यानं फिरणारा तुकडा, तो लावून शेपटी बघा. आणि बारीक अक्षरातलं मराठीचं एक पान. दुकानदाराला दोन मिनिटं वरचा दिवा बंद करायला सांगा. नाही म्हणाला तर पडद्यावर दोन्ही हातांचा आडोसा करून बघा, तेवढ्यानंही बरंच कळतं.