परसदारची सही

वार्षिक परीक्षा संपल्या, की आमच्या शिरूरच्या घरी गहू भिजत पडायचे. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी ते वाटून, कापडातून गाळून चीक रात्रभर तसाच ठेवायचा. पहाटे वरचं पाणी ओतून टाकायचं आणि खाली बसलेला पांढराशुभ्र चीक शिजवायला घ्यायचा. हे सगळं परसदारी, कडुनिंबाखालच्या चुलीवर. तोवर दौंडहून मोठी आत्या, बारामतीहून धाकटी आत्या, त्यांची मिळून सात पोरं आणि आम्ही तिघं भावंडं अशी पलटण जमलेली असायची.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. गावाला रेल्वे तेव्हाही नव्हती, आजही नाही. त्यामुळे दौंडच्या आतेभावंडांना त्यांच्या जंक्शनचा भारी तोरा. आत्याचे यजमान रेल्वेत. दौंडहून मनमाडला जाणारी लाईन १८७८ साली सुरू झाली, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ करून ठेवलं होतं त्या पोरांनी! आम्ही काय सांगणार? आमच्याकडे परस होतं. कडुनिंब, शेवगा, आड, धुण्याचा दगड, पाण्याचा माठ आणि रात्री ओळीनं टाकलेल्या अंथरुणांना पुरेल एवढी मोकळी जागा.

गरम चिकाची वाटी दूध-साखर घालून पहिल्यांदा कुणाला मिळणार यावरून भांडणं व्हायची. मग बाजेवर जुनं धोतर अंथरून सोऱ्यानं कुरडया घालायच्या. मोठी पोरं काळी छत्री घेऊन कावळे हाकलायला बसायची. दुपारी आमरस, संध्याकाळी पन्हं, रात्री पत्ते. दोघी आत्या पदर खोचून कामाला लागायच्या खऱ्या, पण आजी त्यांना मध्येच उठवायची. ‘‘पड जरा. तिकडं सासरी आहेच की राबणं.’’ मग तो सोऱ्या आईच्या हातात जायचा. तेव्हा हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं, पण डोक्यात शिरत नव्हतं.

आजोबा १९९१ साली गेले. पुढच्या मे महिन्यातली एक दुपार मला लख्ख आठवते. मी बारा वर्षांची असेन. कुरडया अर्ध्यावर टाकून दोघी आत्या अण्णांबरोबर कचेरीत गेल्या. अण्णा म्हणजे माझे वडील, आत्यांचे एकुलते एक भाऊ. दोन-अडीच तासांनी सगळे परत आले. मोठ्या आत्याच्या डाव्या अंगठ्याला शाई लागली होती. चिकाला शाई लागेल म्हणून ती आडावर बसून लिंबाच्या फोडीनं अंगठा घासत राहिली. त्या संध्याकाळी दोघींना नव्या साड्या मिळाल्या, पुरणपोळीचं जेवण झालं. ‘‘आत्या, शाई कसली गं?’’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘‘काही नाही गं. माहेरचं दार उघडं राहिलं म्हणजे झालं.’’

ते हक्कसोडपत्र होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आपल्याकडे त्याला ‘बहिणींची नावं कमी करणं’ असं साधं, घरगुती नाव आहे. तांदळातले खडे काढावेत तितकं सहज!

दार उघडं राहिलं का? आजी होती तोवर राहिलं. ती १९९९ मध्ये गेली आणि दोन-तीन उन्हाळ्यांत आत्यांचं येणं लग्नकार्यापुरतं उरलं. कुणी भांडलं नाही, कुणी ‘येऊ नका’ म्हणालं नाही. अण्णांना वाटायचं, आई फोन करेल. आईला वाटायचं, बहिणी त्यांच्या, त्यांनी करावा. बोलावणं करणारं माणूसच गेलं होतं, आणि सही केलेला कागद काही फोन करत नाही.

पुढे मोठ्या आत्याच्याच ओळखीतून माझं लग्न दौंडला झालं. शेवटची काही वर्षं ती अंथरुणाला खिळलेली होती. मी भेटायला गेले की हमखास विचारायची, ‘‘आमच्या परसातला कडुनिंब आहे ना गं अजून?’’ ‘आमच्या’ म्हणायची. वीस वर्षांपूर्वी नाव कमी झालेल्या जागेला!

दौंडमध्ये मी बचत गटांच्या बायकांबरोबर काम करते. बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की हळूच एखादी पिशवीतून कागद काढते. ‘‘ताई, भावानं सही मागितलीय. काय लिहिलंय बघा बरं.’’ मग मी सांगते. वडील मृत्युपत्र न करता गेले, तर त्यांच्या हिश्शात मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मानं हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्येच दिला होता, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभरचा कायदा बदलला, त्यात लग्नाची अट उरली नाही. तरी ‘वडील २००५ च्या आधी गेले, मग मुलीला कसला हक्क?’ असा वाद चालूच होता. तो सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात मिटवला. हक्क जन्मानं आहे, वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या त्यामुळे उकरून काढता येत नाहीत. आणि आणखी एक, हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की ‘आता माझं मन बदललं’ म्हणून ते रद्द होत नाही. फसवणूक झाली, दबाव होता, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. म्हणून आधी वाचा, कुणाच्या नावे सोडताय ते बघा, घाई करू नका.

हे मी किती बैठकांत बोलले असेन, मोजदाद नाही. दुसऱ्यांच्या भावांबद्दल बोलायला काय जातं!

अण्णा २०२१ मध्ये गेले. वारस म्हणून सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आई, भाऊ, मी आणि धाकटी बहीण अशी चार नावं लागली. गेल्या वर्षी मे महिन्यात भावाचा फोन आला, ‘‘ताई, सगळ्या या. पोरांना घेऊन चार दिवस राहायलाच या.’’ आम्ही गेलो. गहू भिजले होते. परसात पुन्हा बाज टाकली गेली, मुलं हातातले मोबाईल ठेवून चिकाच्या वाट्यांवरून भांडली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तिसऱ्या दिवशी सकाळी, कुरडया घालणं चालू असतानाच, भाऊ प्लास्टिकची फाईल घेऊन आला. परसाची जागा बिल्डरला द्यायची, खाली गाळे, वर दोन फ्लॅट. रांजणगावची एम.आय.डी.सी. झाल्यापासून शिरूरमध्ये जागेला सोन्याचा भाव आहे. (आणि पंचवीस किलोमीटरवर मोराच्या चिंचोलीला शहरातली माणसं पैसे मोजून असलंच अंगण बघायला येतात, ती गंमत वेगळीच.) व्यवहार सोपा व्हावा म्हणून आधी आम्हा दोघी बहिणींची नावं कमी करायची होती. वकिलानं कागद तयार करून ठेवले होते.

भाऊ वाईट नाही, हे लिहिलंच पाहिजे. अण्णांच्या आजारपणात दवाखान्याच्या पायऱ्या त्यानं झिजवल्या. त्याचं कर्ज अजून फिटलेलं नाही. आईला तोच सांभाळतो. धाकटीनं विचारलंसुद्धा नाही. ‘‘दादा म्हणेल तसं,’’ म्हणाली. मी हात धुतले, कागद वाचला. ‘स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय’ असं त्यात होतं. भावाशेजारी आई बसली होती, अंगणात सगळ्यांची पोरं खेळत होती, हातांना चीक लागलेला. या असल्या सकाळी ‘नाही’ कसं म्हणतात? दबाव टाकायला कुणी दरडावावंच लागतं असं थोडंच आहे!

मी म्हटलं, ‘‘मला हिस्सा नको आहे. पण आई आहे तोवर परस राहू दे, आणि माझं नावही राहू दे.’’

‘‘म्हणजे हिस्साच ना ताई?’’ तो म्हणाला. मग थोडं थांबून, ‘‘आत्यांनी असं केलं नव्हतं.’’

हे मात्र माझ्या जिव्हारी लागलं. कुणी काही बोलेना. आई सोऱ्या हातात धरून तशीच बसली होती. ती म्हणाली, ‘‘चीक गार होतोय. आधी कुरडया घाला.’’ चीक गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही, हे खरंच आहे. आम्ही पुन्हा कुरडया घालायला लागलो. भाऊ फाईल घेऊन आत गेला.

रात्री झोप येईना म्हणून चुलीजवळच्या दगडावर येऊन बसले, तर भावजय भांडी घासत होती. साडेअकरा वाजलेले. मी मदतीला बसले. ती हळूच म्हणाली, ‘‘ताई, मीपण केलीय सही. धाकटा झाला त्या वर्षी.’’ तिचं माहेर नदीपलीकडे, नगर जिल्ह्यात. पलीकडचा काठ आमच्या गावातून दिसतो. ‘‘साडीचोळी केली, डोळ्यांत पाणी आणून निरोप दिला. त्यानंतर राहायला म्हणून एकदाही गेले नाही. सुट्टीत कशी जाणार? सुट्टीत तुम्ही येता.’’

तक्रारीचा सूर नव्हता तिचा. ‘‘तुम्ही आलात की घर भरल्यासारखं वाटतं,’’ असंही म्हणाली. पण मला हिशेब लागला. आमचं माहेरपण ज्या पंधरा दिवसांत व्हायचं, नेमके त्याच पंधरा दिवसांत तिचं बुडायचं. आणि तिच्या आधी आईचं. आईला तिच्या माहेरी मे महिन्यात गेलेलं मी पाहिलंच नाही कधी. बायकांच्या हक्कावर भाषणं देणारी मी, चौदा वर्षं या भावजयीच्या हातचा चीक खाते आहे. एकदाही विचारलं नाही, की बाई, तू कधी जातेस?

सही न करता मी दौंडला परतले. एस.टी. न्हावऱ्यावरून जाते. त्याच बाजूला घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनी घरं निघाली, चुली निघाल्या, धान्य साठवायच्या जागा निघाल्या, सातू पिकवल्याच्या खुणा मिळाल्या. कॉलेजात असताना आमची सहल गेली होती तिथे. त्या दिवशी बसच्या खिडकीत बसून मला वाटलं, ती चूल रोज कुणी पेटवली असेल ते न खणतासुद्धा सांगता येतं. घर कुणाचं म्हणायचे, तेवढं कळायला मार्ग नाही.

दिवाळीत भाऊबीजेला भाऊ आला. ओवाळून झाल्यावर पाटावरून उठला तो चहा न घेताच गेला. ताटात ओवाळणी मात्र नेहमीपेक्षा जास्त. मी रात्री रडले, खोटं कशाला बोलू? माझे यजमान म्हणाले, ‘‘करून टाक सही, सुटशील.’’ सही नाकारणं म्हणजे लगेच वाटणी मागणं नव्हे. नाव राहिलं, तर जागा विकताना मला विचारावं लागेल, एवढंच. हे समजावताना मी नवऱ्यापुढेही हरले, भावापुढे तर हरलेच होते.

संक्रांतीनंतर मी भावजयीला फोन केला. म्हटलं, ‘‘यंदा सुट्टीत तू आधी जा. आठ दिवस. आई आणि घर मी बघते.’’ ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘‘ह्यांना कोण सांगणार?’’ मी म्हटलं, ‘‘मी सांगते.’’ भावाला फोन लावायला मला चार दिवस लागले. जागेचा विषय मी काढला नाही, त्यानंही काढला नाही. एवढंच म्हणाला, ‘‘बघा तुमचं तुम्ही.’’ भावजयीच्या आईनं तर लगेच निरोप धाडला, की आठ दिवसांनी काय होतंय, पंधरा दिवस पाठवा.

फाईल अजून अण्णांच्या कपाटात आहे. बिल्डर दोनदा येऊन गेला म्हणे. भाऊ त्याला काय म्हणाला ते भावजयीला माहीत नाही, आणि मी विचारलेलं नाही.

ती बुधवारी सकाळी निघणार आहे. मी मंगळवारी संध्याकाळीच पोचते. आईला आता पाच किलो गव्हाचा चीक हलवायला जमत नाही, म्हणून यंदा तीनच किलो भिजवायचे ठरवलं आहे. धाकटी शनिवारी येईल. सोऱ्याची कुरडयांची चकती गेल्या वर्षी चुकून माझ्या पिशवीतून दौंडला आली होती, ती आठवणीनं न्यायची आहे.