पाचारण आणि प्रपंच

शालान्त परीक्षा जवळ येऊ लागली, की प्रत्येक विद्यार्थ्याच्या कानावर एक प्रश्न वारंवार पडू लागतो : "पुढे कोण होणार?" डॉक्टर, एंजिनियर, वकील, शिक्षक अशी उत्तरे ठरलेली असतात. परंतु या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो, आणि तो सहसा कोणी मोठ्याने विचारीत नाही : "मी कशासाठी जगावे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर गुणपत्रिका थोडेफार देऊ शकते, दुसऱ्याचे उत्तर देणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. कॅथॉलिक समाजात हा दुसरा प्रश्न तरुणांपुढे कसा ठेवला जातो आणि त्याचे उत्तर शोधण्याची कोणती शिस्त त्यांना लावली जाते, हे समजावून सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे. वाचक कोणत्याही धर्माचा असो, या शिस्तीतील पुष्कळसा भाग त्याच्याही उपयोगी पडावा.

या विचाराच्या मुळाशी 'पाचारण' हा शब्द आहे. पाचारण म्हणजे बोलावणे. प्रत्येक मनुष्याला परमेश्वराने काही विशिष्ट कार्यासाठी हाक दिलेली आहे, अशी ही श्रद्धा. सामान्यतः असा समज आढळतो, की ही हाक केवळ धर्मगुरूंना आणि संन्यासिनींना ऐकू येते. बाकीच्यांनी प्रपंच करावा आणि रविवारी देवळात जावे. हा समज अपुरा आहे. १९६२ ते १९६५ या काळात रोम येथे भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट सांगितले, की पावित्र्याचे पाचारण सर्वांना आहे. शेतकरी, कारकून, गृहिणी, विद्यार्थी यांनी आपापल्या जागी राहूनच त्याला उत्तर द्यावयाचे असते. आपणा मराठी भाषकांना ही कल्पना परकी वाटू नये. सावता माळ्याने मळा सोडला नाही आणि गोरोबांनी चाक सोडले नाही. हातातील काम हीच त्यांची पूजा झाली.

परंतु हाक ओळखावी कशी? या बाबतीत संत इग्नेशियस लोयोला यांचा अनुभव मार्गदर्शक मानला जातो. १५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत तोफेच्या गोळ्याने या स्पॅनिश सरदाराचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो दोन प्रकारची स्वप्ने रंगवी : एक दरबारातील पराक्रमाची, दुसरी संतांप्रमाणे जगण्याची. दोन्हींत मन रमे. पण पहिली ओसरल्यावर मागे शुष्कता उरे, तर दुसरीनंतर प्रसन्नता टिकून राही. एवढ्याशा निरीक्षणातून त्याने मनाच्या हालचाली पारखण्याचे एक शास्त्रच उभे केले. त्याचा 'आध्यात्मिक साधना' हा ग्रंथ १५४८ साली छापला गेला. पुढे शिक्षणावाचून आपले कार्य अडेल हे उमगल्यावर, वयाची तिशी उलटलेल्या या गृहस्थाने बार्सिलोना येथे लहान मुलांच्या बरोबरीने लॅटिनचे पाठ गिरविले!

इग्नेशियसने सांगितलेली दैनिक साधना अगदी साधी आहे. रात्री काही मिनिटे स्वस्थ बसावे. प्रथम दिवसभरात जे मिळाले त्याबद्दल आभार मानावेत. मग स्वतःकडे निर्मळ दृष्टीने पाहता यावे म्हणून प्रकाश मागावा. त्यानंतर दिवस तासातासाने आठवावा. चुकले असेल तेथे क्षमा मागावी. आणि उद्यासाठी एक निश्चय करावा. व्यापारी रोज रात्री रोजकीर्द लिहितो, तसाच हा मनाचा हिशेब. याच्या जोडीला त्याने एक व्यवहारी नियमही दिला : मन खिन्न असताना पूर्वी विचारपूर्वक घेतलेला निर्णय बदलू नये. एका परीक्षेत अपयश आले म्हणून त्याच रात्री आयुष्याची दिशा फिरविण्यास निघालेल्या विद्यार्थ्याने हा नियम अवश्य ध्यानी ठेवावा.

एकट्याने केलेली साधना फार काळ टिकत नाही; तिला सोबत लागते. रोमच्या जेझुइट महाविद्यालयात १५६३ साली जाँ ल्युनीस या तरुण बेल्जियन शिक्षकाने विद्यार्थ्यांचे एक लहानसे मंडळ सुरू केले. अभ्यास, प्रार्थना आणि गोरगरिबांची सेवा या तिहींची त्यात सांगड होती. अशी मंडळे पुढे देशोदेशी पसरली, आणि १९६७ साली त्यांच्या जागतिक संघटनेने 'ख्रिस्ती जीवन समुदाय' हे नाव धारण केले. हा समुदाय मुख्यतः प्रापंचिकांचा आहे. बेल्जियममध्येच जोसेफ कार्डाईन या धर्मगुरूंनी कामगार तरुणांसाठी १९२५ साली चळवळ उभारली. त्यांनी तीन पायऱ्या शिकविल्या : पाहा, पारखा, कृती करा. आपल्या कारखान्यात, गल्लीत, वर्गात काय चालले आहे ते आधी डोळे उघडून पाहावे. ते शुभवर्तमानाच्या कसोटीवर घासावे. आणि मग आपल्या हातून होईल तेवढे, पण निश्चित, असे काही करावे.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले. साष्टीतील नवख्रिस्ती लोकांना रविवारच्या धर्मशिक्षणाच्या जोडीला पुराणांसारखे काहीतरी वाचावयास हवे होते. त्या गरजेतून सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' जन्मास आले आणि १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. प्रापंचिकांच्या संस्कारासाठी रचलेला हा ग्रंथ मराठीत आहे, याचा आपणास अभिमान वाटावा. आणि आम्हा कोंकणी माणसांच्या घरी तर तिन्हीसांजेची घंटा झाली, की सारे कुटुंब 'तेर्स' म्हणावयास, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेस, एकत्र बसे. आजीच्या शेजारी गुडघे टेकलेल्या मुलाला पाचारणाची व्याख्या ठाऊक नसे. पण शांत बसणे, ऐकणे आणि दुसऱ्यासाठी मागणे या तीन गोष्टी तो तेथेच शिके.

या सर्व विवेचनाचे जिवंत उदाहरण वसईने दिले आहे. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसई येथे सुमारे १५५७ साली झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. कोवळ्या वयात जेझुइट धर्मगुरूंबरोबर ते जपानला गेले, ती भाषा शिकले आणि कित्येक वर्षे धर्मशिक्षक म्हणून राबले. जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनीषा; परंतु ती सफळ झाली नाही. दुसरा एखादा कडवट झाला असता. गोन्सालोंनी व्यापार आरंभिला, त्यात नाव मिळविले, पण अंतरीची हाक विझू दिली नाही. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात धर्मगुरू नव्हे तर साधे बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ साली जपानला जाणाऱ्या फ्रान्सिस्कनांना दुभाष्याची गरज पडली, तेव्हा धर्मशिक्षक आणि व्यापारी म्हणून कमावलेली तीच भाषा उपयोगी आली. मधली वर्षे वाया गेली नव्हती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले. त्यांत गोन्सालो होते. त्या सव्वीसांतील सतरा जण जपानी प्रापंचिक होते, आणि सर्वांत लहान लुईस अवघा बारा वर्षांचा होता. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सर्वांना संतपद दिले.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. हाक आणि हट्ट यांत भेद आहे. अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून सुचलेला वैराग्याचा विचार म्हणजे पाचारण नव्हे. तसेच शेजाऱ्याचा मुलगा परदेशी गेला म्हणून उपजलेली ईर्ष्या म्हणजेही पाचारण नव्हे. यासाठी वडीलधाऱ्यांचा सल्ला घ्यावा; परंतु सल्ला देणाऱ्यानेही मर्यादा पाळावी. इग्नेशियसने मार्गदर्शकाला बजावले आहे, की त्याने तराजूच्या काट्याप्रमाणे मध्यभागी राहावे, साधकाला या वा त्या बाजूस ढकलू नये. आम्ही शिक्षकांनी आणि पालकांनी हे वचन मनावर कोरून ठेवावे. मुलाच्या वतीने हाक ऐकण्याचा अधिकार कोणालाही नाही.

ग्वाल्हेरात राहून आपण जयविलास राजवाड्यावरून अनेकदा जातो. १८७४ साली पूर्ण झालेल्या या वास्तूचे रचनाकार सर मायकेल फिलोज हे शिंदे सरकारच्या सेवेतील, मूळच्या इटलीतील एका कॅथॉलिक घराण्यातले प्रापंचिक गृहस्थ. त्यांच्या अंतःकरणात डोकावण्याचे साधन आपणापाशी नाही. पण नीट केलेले काम कर्त्याच्या मागे किती काळ उभे राहते, हे त्या भिंती सांगतात.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, "पुढे कोण होणार?" या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई करू नका. रोज रात्री पाच मिनिटे दिवसाचा हिशेब मांडा; दोन चांगले सोबती जोडा; आठवड्यातून एकदा तरी ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही अशा कोणाच्या तरी उपयोगी पडा. असे वर्षभर केल्यावर आपले मन कोठे स्थिरावते आणि कोठे कोरडे पडते, हे तुमचे तुम्हालाच कळू लागेल. मग जो मार्ग निवडाल, तो दवाखान्याचा असो, शेताचा असो वा मठाचा असो, तो तुम्ही स्वतः ऐकून निवडलेला असेल.