जोडलेले कोपर आणि थांबण्याचे औषध

नोव्हेंबर २०२१ मधली गोष्ट आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन ॲस्ट्रोज या बेसबॉल संघाने जस्टिन व्हरलँडर या पिचरशी एका वर्षाचा करार केला. पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधल्या गोलंदाजासारखा, चेंडू फेकणारा खेळाडू. मानधन ठरले अडीच कोटी डॉलर. त्या वेळच्या दराने सुमारे १८५ कोटी रुपये!

आता या गृहस्थांची प्रकृती पाहा. वय ३८. सोळा महिन्यांत हंगामाच्या सामन्यात एकही चेंडू टाकलेला नाही. जुलै २०२० मध्ये हंगामाच्या पहिल्याच सामन्यात हात दुखावला, आणि सप्टेंबरअखेरीस उजव्या कोपरावर मोठी शस्त्रक्रिया झाली. २०२१ चा हंगाम संपूर्ण घरी. बैलबाजारातला शेतकरीसुद्धा बैलाचे दात मोजतो, चार पावले चालवून बघतो आणि मगच पैसे काढतो. मग या संघाने एवढी रक्कम कशाच्या भरवशावर मोजली?

या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या पानावर नाही, आरोग्याच्या पानावर आहे, म्हणून आज हा विषय घेतला.

कोपरात नेमके काय तुटते?

आपले कोपर म्हणजे दाराची बिजागरी समजा. दार उघडावे आणि मिटावे, एवढेच बिजागरीचे काम. त्याच दाराला कोणी आडवा हिसका देऊ लागला, तर बिजागरीचे स्क्रू हळूहळू सैल होतात. बेसबॉलचा पिचर नेमके हेच करतो. तो क्रिकेटच्या गोलंदाजासारखा लांबून धावत येत नाही. एका जागी उभा राहतो, कोपर वाकवून हात मागे नेतो आणि साठ फूट सहा इंचांवर उभ्या फलंदाजाच्या दिशेने चेंडू भिरकावतो. वेग ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटर. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना वाकवलेले कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करण्यास मनाई आहे. बेसबॉलमध्ये तसे बंधन नाही. उलट वाकलेले कोपर झटक्यात सरळ होण्यातूनच बराचसा वेग येतो.

या हिसक्याच्या वेळी कोपराची आतली, म्हणजे अंगाकडची, बाजू उघडू पाहते. ती उघडू नये म्हणून निसर्गाने तेथे एक चिवट पट्टी दिली आहे. तिला अस्थिबंध म्हणतात. हाडाला हाड बांधून ठेवणारी ही पट्टी करंगळीपेक्षाही लहान असते. जोरात फेकलेल्या प्रत्येक चेंडूला तिच्यावर जवळजवळ तिच्या सोसण्याच्या मर्यादेएवढा ताण येतो. आजूबाजूचे स्नायू भार वाटून घेतात म्हणून ती टिकते. स्नायू थकले की सगळा भार तिच्यावर पडतो. दोरखंडाचा एकेक पदर उसवावा तशी ती उसवत जाते आणि एके दिवशी तुटते.

येथे वाचकांना सचिन तेंडुलकरचे कोपर आठवेल. २००४ मध्ये त्याला त्रास झाला आणि २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. तो विकार टेनिस एल्बो. त्यात कोपराच्या बाहेरच्या बाजूची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, दुखावते. कपडे पिळणाऱ्या, रंगकाम करणाऱ्या, पाने आवळणाऱ्या माणसालाही तो होतो. पिचरचा विकार आतल्या बाजूचा. नाव एकच कोपराचे, पण दुखणे वेगळे.

मनगटातली दोरी कोपरात

१९७४ पूर्वी हा अस्थिबंध तुटला की पिचरची कारकीर्द संपली, असेच समजत. त्या वर्षी जुलैमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स संघाच्या टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरचा अस्थिबंध तुटला. संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी एक धाडस केले. टॉमीच्या उजव्या हातातली एक कंडरा काढली आणि डाव्या कोपराच्या हाडांना भोके पाडून त्यांतून ओवून बसवली. पुन्हा मोठ्या सामन्यात खेळण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती.

ही कंडरा तुम्हालाही आपल्या हातावर पाहता येईल. अंगठा आणि करंगळीची टोके जुळवा आणि मनगट थोडे आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखे काही वर आले का? आपण तिला शीर म्हणतो, पण ती शीर नव्हे. ती पामॅरिस लाँगस या स्नायूची कंडरा आहे. कित्येकांना ती जन्मतःच नसते आणि त्यांचे काही अडत नाही. म्हणून दिसली नाही तर घाबरू नका. तिच्यावाचून हाताचे काम चालते, म्हणूनच डॉक्टरांनी ती निवडली.

पुढे काय झाले? कोपरामागून जाणारी नस, जिच्यावर फटका बसला की आपल्या करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, तिनेही टॉमीला त्रास दिला. डिसेंबरमध्ये दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५ चा पूर्ण हंगाम त्याने सरावात घालवला. १९७६ मध्ये तो परतला आणि १९८९ पर्यंत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत, खेळला. कारकिर्दीतील २८८ विजयांपैकी १६४ त्याने या शस्त्रक्रियेनंतर मिळवले. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते.

शस्त्रक्रिया दोन तासांची, औषध वर्षाचे

आता मुख्य मुद्दा. शस्त्रक्रिया साधारण दोन तासांत आटोपते. पण बसवलेली कंडरा लगेच अस्थिबंधाचे काम करू लागत नाही. सुरुवातीला ती केवळ एक निर्जीव दोरी असते. हळूहळू तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी वस्ती करतात, तंतूंची मांडणी बदलते. लावलेले रोप जमिनीत मूळ धरते तसेच हे. याला सुमारे वर्ष लागते. ते लवकर व्हावे असे कोणतेही इंजेक्शन किंवा टॉनिक नाही.

म्हणून रुग्णाचे वेळापत्रक काटेकोर असते. सुरुवातीला कोपर पट्ट्यात. मग सावकाश हालचाल. त्यानंतर खांदा, पाठ, पोट आणि पाय यांचे व्यायाम, कारण चेंडूचा वेग निम्म्याहून अधिक पायांतून आणि कमरेतून वर येतो. साधारण चार-पाच महिन्यांनी हातात चेंडू मिळतो, तोही पंधरा पावलांवरून हलके फेकण्यापुरता. मग अंतर वाढते, मग वेग, आणि शेवटी चेंडूंची संख्या. तिन्ही एकदम कधीच नाहीत. सामना खेळायला बारा ते अठरा महिने लागतात. एवढे करून मोठ्या संघांतील दहांपैकी आठ पिचर पुन्हा मैदानात येतात. दोघे येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

यात कठीण काळ कोणता, सांगू? सहावा-सातवा महिना. तेव्हा दुखणे थांबलेले असते आणि हात चांगला वाटू लागतो. पण आत दोरी अजून कच्चीच असते. ‘दुखत नाही’ आणि ‘बरे झाले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो, तसा खेळाडू याच काळात जोर लावायला जातो.

संघाने काय पाहिले, काय विकत घेतले?

व्हरलँडरने करारापूर्वी डझनावर संघांच्या माणसांसमोर चेंडू टाकून दाखवले. वेग ९५ मैलांच्या आसपास होता. पण डॉक्टर केवळ वेगावर जात नाहीत. एमआरआयमध्ये नवी दोरी कशी दिसते? दोन्ही कोपरे सारखी सरळ होतात का? खांदा मोकळा आहे का? जोराचा सराव केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा असतो? हे पाहिले जाते. माझ्या मते यातला शेवटचा प्रश्न सर्वांत शहाणा.

करारानंतर संघाने त्याला एकदम जुंपले नाही. २०२२ च्या हंगामात बराच काळ पाचऐवजी सहा पिचरांचा क्रम ठेवला, त्यामुळे प्रत्येकाला जादा विश्रांती मिळाली. ऑगस्टअखेरीस त्याची पोटरी दुखावली, तेव्हा स्पर्धा ऐन भरात असूनही त्याला अडीच आठवड्यांहून अधिक काळ बसवले. परिणाम काय? १८ विजय, ४ पराभव, दर नऊ डावांमागे अवघ्या १.७५ धावा, आणि वयाच्या ३९ व्या वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार, तोही एकमताने. संघानेही त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज जिंकली. अर्थात वय कोणाला सुटत नाही. २०२४ मध्ये खांदा आणि मान यांनी त्याला दोनदा बसवलेच.

नेथन इओवाल्डीचा करार आणखी बोलका आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये त्याची दुसऱ्यांदा हीच शस्त्रक्रिया झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये टँपा बे रेज संघाने त्याला वीस लाख डॉलरवर घेतले, पुढच्या वर्षाचा पर्याय ठेवून. त्या २०१७ च्या हंगामात तो मोठ्या संघाकडून खेळलाच नाही. संघाने जणू त्याच्या थांबण्याचेच पैसे दिले. मे २०१८ अखेरीस तो मैदानात आला, जुलैमध्ये बोस्टन रेड सॉक्सकडे गेला आणि त्या संघाच्या वर्ल्ड सिरीज विजयात त्याचा मोठा वाटा राहिला.

नाण्याची दुसरी बाजूही सांगतो. डिसेंबर २०२२ मध्ये टेक्सास रेंजर्सने ३४ वर्षांच्या जेकब डीग्रोमशी पाच वर्षांसाठी साडेअठरा कोटी डॉलरचा करार केला. त्याच्या कोपरावर २०१० मध्ये हीच शस्त्रक्रिया झाली होती. सहा सामन्यांतच कोपर पुन्हा गेले आणि जून २०२३ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली. तो सप्टेंबर २०२४ मध्ये, सव्वा वर्षाने, परतला. जोडलेले कोपर म्हणजे लोखंडाचे कोपर नव्हे. पैसा उत्तम सर्जन आणतो, उत्तम व्यायामशिक्षक आणतो. पण शरीराची वेळ तो विकत घेऊ शकत नाही.

मुलांची काळजी

इओवाल्डीची पहिली शस्त्रक्रिया तो शाळेत असताना झाली होती, हे वाचून पालकांनी सावध व्हावे. अमेरिकेत २००७ ते २०११ या काळात अशा शस्त्रक्रिया झालेल्यांत निम्म्याहून अधिक १५ ते १९ वयोगटातील होते. एक गैरसमज असाही पसरला की शस्त्रक्रियेने हात पूर्वीपेक्षा जोरकस होतो. तसे होत नाही. वर्षभर शिस्तीने केलेल्या व्यायामाचा तो परिणाम असतो, आणि तो व्यायाम धडधाकट मुलालाही करता येतो.

२०१४ मध्ये तेथे मुलांसाठी मर्यादा आखून दिल्या. ९-१० वर्षांच्या मुलाने दिवसात ७५, ११-१२ वर्षांच्या मुलाने ८५ आणि १३-१४ वर्षांच्या मुलाने ९५ हून अधिक चेंडू टाकू नयेत. ६६ किंवा त्याहून अधिक टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते आणि अतिताणाने आधी तीच दुखावते. आपल्याकडे मुले बेसबॉल खेळत नसतील, पण उन्हाळी शिबिरात दिवसभर गोलंदाजी करणारी, भाला किंवा चेंडूफेकीचा सराव करणारी मुले आहेतच. क्रिकेटमध्ये कोपरापेक्षा खांदा आणि कंबर अधिक सोसतात. मोजून टाकणे आणि मोजून विश्रांती घेणे हा नियम तोच.

आपण एवढे करा

१. फेकताना किंवा वजन उचलताना कोपराच्या आतल्या बाजूला कळ आली, ‘टक्’ असा आवाज झाला, किंवा करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येऊ लागल्या, तर काम थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

२. ताज्या दुखापतीवर मालीश करून घेऊ नका, हात ओढून ‘बसवून’ घेऊ नका. फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाने दहा-पंधरा मिनिटे शेका.

३. वेदनाशामक गोळी घेऊन खेळायला किंवा कामाला जाऊ नका. दुखणे हा शरीराचा पहारेकरी आहे. त्याला झोपवून चोरी थांबत नाही.

४. प्लॅस्टर निघाले म्हणजे उपचार संपले नाहीत. तेथून निम्मे सुरू होतात. सांगितलेले व्यायाम दुखणे थांबल्यावरही चालू ठेवा.

५. कामावर परतताना पहिल्या दिवशी निम्मे काम करा. दुसऱ्या दिवशी सकाळी हात ठीक असेल, तरच थोडे वाढवा.

शेवटची सूचना सोपी वाटते, पण तीच सर्वांत अवघड आहे, हे मी जाणतो. व्हरलँडरचा वर्षभराचा पगार कराराने बांधलेला होता. आमच्या दवाखान्यात येणाऱ्या हमालाची, गवंड्याची, ऊसतोड करणाऱ्या बाईची मजुरी हात थांबला की त्याच दिवशी थांबते. ‘डॉक्टर, पंधरा दिवसांत मोकळे करा’ ही विनवणी हौसेची नसते. म्हणून माझे हे सांगणे रुग्णापेक्षा मुकादमाला, दुकानमालकाला आणि घरातल्या कर्त्या माणसाला अधिक आहे. दुखापतीतून उठलेल्या माणसाला महिना-दोन महिने हलके काम द्या. पोती उचलण्याऐवजी मोजायला बसवा, फळ्या वाहण्याऐवजी हिशेब पाहायला सांगा. कोट्यवधी डॉलर मोजणारे संघ हे धर्म म्हणून करत नाहीत. घाईने परत आणलेला माणूस दुसऱ्यांदा मोडला, तर अधिक महाग पडतो, हा त्यांचा रोकडा अनुभव आहे.