कृत्रिम रक्तवाहिनीची पूर्वतयारी

फुगलेली किंवा अरुंद झालेली महाधमनी बदलण्यासाठी कापडी नळी वापरता येते, हे 1952 साली आर्थर व्हूरहीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. पुढे ह्यूस्टनच्या मायकेल डिबेकी यांनी डेक्रॉन या पॉलिएस्टर कापडाच्या नळ्या रूढ केल्या. विणलेल्या कापडाची छिद्रे नळीभोवतीच्या ऊतींना आत रुजू देतात, पण त्याच छिद्रांतून रक्त पाझरत असल्याने नळी बसवण्यापूर्वी ती तयार करावी लागते. जुन्या पद्धतीत, रक्त गोठू न देणारे हेपॅरिन रुग्णाला देण्याआधीच त्याचे रक्त काढून नळीत मुरवले जाते. त्यातील फायब्रिन, म्हणजे गुठळीचे तंतुमय प्रथिन, छिद्रे बुजवते. मात्र आत उरलेल्या सैल गुठळ्या धुऊन काढणे अत्यावश्यक असते, कारण त्या सुटून पुढील धमनी बंद करू शकतात. ज्याला आधीच हेपॅरिन दिले आहे किंवा धमनी फुटल्यामुळे ज्याच्यासाठी वेळच उरलेला नाही, अशा रुग्णासाठी ही पद्धत अपुरी पडते. म्हणून कोलॅजन, जिलेटिन किंवा अल्ब्युमिन या प्रथिनांचा, शरीरात हळूहळू विरघळणारा लेप कारखान्यातच दिलेल्या नळ्या आल्या. दूरच्या गावातून उपचारासाठी मोठ्या शहरात पोहोचेपर्यंत ज्याचा मोलाचा वेळ प्रवासातच जातो, त्या रुग्णाच्या दृष्टीने लगेच वापरता येणाऱ्या अशा नळीचे महत्त्व विशेष मोठे आहे.