पेठेत माणसं येतात कशासाठी?

इंदूरच्या सराफ्यात रात्री आठ-साडेआठला सोन्या-चांदीच्या पेढ्यांची शटरं खाली येऊ लागतात आणि त्याच पेढ्यांच्या ओट्यांवर, पायऱ्यांपुढे कढया चढतात. दिवसभर जिथे तोळ्या-माशाचा हिशेब झाला, तिथे तासाभरात भुट्ट्याचा कीस परतला जातो, गराडू तळले जातात, तव्यावर मालपुवे पडतात. मध्यरात्र उलटली तरी गल्ली जागी असते. बसायला जागा जवळपास नाहीच. हातात द्रोण घ्यायचा, उभ्यानं खायचं, चार पावलं पुढे सरकायचं आणि पुढच्या गाड्यावर काय शिजतंय ते पाहायचं. गल्लीत रात्री जाग राहिली तर पेढ्यांची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनीच या खाऊबाजाराला उत्तेजन दिलं, असं जुने इंदूरकर सांगतात. राजवाड्याला लागून असलेली ही गल्ली दिवसा एका धंद्यावर चालते, रात्री दुसऱ्या. शहराच्या मध्यभागात माणसं कशी आणावीत, यावर आज जगभर जी डोकेफोड चालली आहे, तिचं एक उत्तर या गल्लीत रोज रात्री मिळतं.

आपल्या बहुतेक शहरांच्या मध्यवस्तीचं मात्र उलट झालं आहे. पुण्याच्या पेठांतली कुटुंबं वाडे पाडले गेले तशी कोथरूडकडे, सिंहगड रस्त्याकडे सरकली. नव्या नोकऱ्या हिंजवडीला गेल्या. मुंबईत फोर्टातली मोठी कार्यालयं वांद्रे-कुर्ला संकुलात हलली. नाशिकचा मेन रोड, कोल्हापूरचा महाद्वार रोड, नागपूरचं सीताबर्डी हे रस्ते ओस पडलेले नाहीत, दिवसा तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण तिथला माणूस आता काम काढून येतो. गाडी कुठे लावायची या धास्तीनं निघतो, लग्नाचा बस्ता किंवा शाळेची पुस्तकं घेतो आणि सुटका झाल्यासारखा परततो. रेंगाळायला कोणी येत नाही. रेंगाळणारा माणूसच दोन जास्तीच्या वस्तू घेतो, चहा पितो, ओळखीच्या दुकानदाराची ख्यालीखुशाली विचारतो. मध्यवस्ती जगते ती त्याच्यावर.

यावर ठरलेला उपाय म्हणजे महोत्सव. मैदानात किंवा चौकात मांडव पडतो, व्यासपीठ उभं राहतं, पुढच्या दोन रांगा पाहुण्यांसाठी राखल्या जातात. लोक येतात, तीन तास बसतात, कार्यक्रम संपला की एकदम उठतात आणि वाहतूक तुंबवून घरी जातात. शेजारच्या गल्लीतल्या दुकानदाराच्या गल्ल्यात त्या संध्याकाळी काही पडत नाही; उलट त्याच्या दारासमोर मोटारी लागलेल्या असतात. गाण्याच्या मैफलीला व्यासपीठ लागतंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण मध्यवस्तीत जीव आणणं हा हेतू असेल, तर माणसाला खुर्चीत बसवून ठेवणारा कार्यक्रम फारसा उपयोगाचा नाही. त्याला चालता ठेवणारा कार्यक्रम हवा.

हे सर्वांत चांगलं उमगलं ते अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहराला. कापडगिरण्या आणि दागिने घडवणारे कारखाने यांच्यावर उभं राहिलेलं हे शहर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उतरणीला लागलं. त्याच्या मध्यभागातून वाहणाऱ्या नद्यांवर रस्ते आणि वाहनतळ बांधले गेले होते. कित्येकांना आपल्या पायाखाली नदी आहे याचं भानही नव्हतं. १९८०-९०च्या दशकांत वास्तुरचनाकार विल्यम वॉर्नर यांच्या आराखड्यानुसार ही झाकणं काढली गेली, पात्रं थोडी वळवली गेली, काठानं चालायच्या वाटा आणि छोटे पूल बांधले गेले. खर्च झाला, काठ देखणे झाले. पण लोकांचे पाय संध्याकाळी गावाच्या मध्यभागाकडे वळत नव्हते.

१९९४च्या वर्षअखेरच्या रात्री बार्नाबी एव्हन्स या कलावंतानं नदीच्या पात्रात लोखंडी शेगड्या ठेवून त्यांत लाकडं पेटवली. एका रात्रीपुरतीच ती कलाकृती होती. लोकांना ती इतकी भावली की १९९६ साली पुन्हा झाली, आणि मग नागरिकांच्या आग्रहानं दर वर्षीची झाली. ‘वॉटरफायर’ म्हणून आज ती ओळखली जाते. ऐंशीहून अधिक शेगड्या पाण्यावर ओळीनं मांडलेल्या असतात. सूर्य मावळला की काळे कपडे घातलेले स्वयंसेवक होड्यांतून आवाज न करता फिरतात आणि एकेक शेगडी पेटवत जातात. रात्रभर तेच त्यांत लाकडं घालतात. देवदार, ओक, पाइन यांच्या धुराचा वास काठावर दरवळतो, ठिकठिकाणच्या कर्ण्यांतून संगीत येत राहतं. तिकीट नाही. आणि व्यासपीठही नाही.

या शेवटच्या गोष्टीतच सगळी युक्ती आहे. शेगड्या नदीभर पसरलेल्या असल्यामुळे ‘बघायची जागा’ अशी कुठे नसते. सगळं पाहायचं तर काठाकाठानं चालावं लागतं, पूल ओलांडावा लागतो, परत फिरावं लागतं. कार्यक्रम अमुक वाजता सुरू झाला आणि तमुक वाजता संपला असंही नसतं. त्यामुळे कोणी आठला येतो, कोणी दहाला, जेवून येतो किंवा येऊन जेवतो. काठावरच्या खानावळींना सलग गिऱ्हाईक मिळतं. म्हातारी जोडपी येतात, तान्ही मुलं बाबागाडीतून येतात. वर्षभरात अशा ठरावीकच रात्री असतात, तरी आपल्या शहराचा मध्य रात्री चालण्याजोगा आहे हे लोकांच्या अंगवळणी पडलं, ते त्या रात्रींमुळे.

मराठी माणसाला हे ओळखीचं वाटायला हवं. पुण्यात गणपतीच्या दहा दिवसांत नेमकं हेच होतं. १८९३पासून सार्वजनिक उत्सव रुजला, आणि पुढे देखावे पाहायला रात्री पेठा पालथ्या घालायची रीत पडली. कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाचही गणपती एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. उपनगरात राहणारं कुटुंब वर्षातून एकदा तरी पोरांना खांद्यावर घेऊन या गल्ल्यांतून फिरतं. त्या मुलाला शनिवारवाडा ते मंडई हे अंतर नकाशावर नव्हे, पायांनी कळतं. या उत्सवाचा त्रासही पेठेतल्या रहिवाशांनीच सोसलेला आहे. ढोल आणि भिंती हादरवणारे ध्वनिक्षेपक यांनी आजारी माणसांचे हाल होतात, आणि मध्यवस्तीतल्या कोणत्याही उपक्रमानं पहिली चर्चा तिथे राहणाऱ्यांशी करायला हवी. प्रेक्षक घरी जातो. रहिवासी तिथेच असतो.

मग दुकानदार. रस्ता वाहनांना बंद करायचा म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पुणे महापालिकेनं ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा गरुड गणपती चौकाकडचा एक पट्टा दिवसभरासाठी वाहनमुक्त केला आणि पादचारी दिन साजरा केला. पुढे तो दर वर्षीचा झाला. लक्ष्मी रस्त्यावर चालताना एरवी नजर सतत चाकांवर ठेवावी लागते. वाहनं थांबली की नजर वर जाते, दुकानांच्या वरच्या मजल्यांकडे, जुन्या लाकडी सज्जांकडे, वर्षानुवर्षं न वाचलेल्या पाट्यांकडे. बायका रस्त्याच्या मधोमध थांबून बोलू शकतात. एवढी साधी गोष्ट, पण ती आपल्या बाजारपेठांतून किती दिवसांपासून हरवली आहे!

दुकानदारांच्या भीतीची एकदा पडताळणी झालेली आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६च्या सुमारास दुकानदारांना विचारलं गेलं, तुमचे किती ग्राहक मोटारीनं येतात? त्यांचा अंदाज होता ४१ टक्के. प्रत्यक्ष ग्राहकांना विचारलं तेव्हा आकडा निघाला २२ टक्के. ब्रिस्टलचा आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. आपल्याकडे दुचाकीचं गणित वेगळं आहे. पण पद्धत उचलण्यासारखी आहे. रस्ता बंद करण्याआधी आठवडाभर दुकानाच्या दारात उभं राहून ग्राहकाला विचारावं, कसे आलात? तो आकडा व्यापारी संघटनेसमोर ठेवला की वाद भावनेवरून हिशेबावर येतो.

डोंबिवलीचा फडके रोड हे मात्र मला सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं, कारण तिथे कोणी कोणाला बोलावत नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून, नवे कपडे घालून तरुण मुलंमुली गणेश मंदिराकडे निघतात आणि रस्ता माणसांनी भरून जातो. अंगाला उटण्याचा वास, नऊवारीचा पदर सावरताना उडालेली धांदल, गर्दीत शाळेतला एखादा चेहरा दिसल्यावर मारलेली हाक. नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेलेली मुलं त्या सकाळी तिथे भेटतात, कारण भेटण्याची वेळ आणि जागा ठरवावीच लागत नाही. ती आधीच ठरलेली असते. १९९९ साली याच गणेश मंदिर संस्थाननं गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि तिचं अनुकरण ठाण्या-गिरगावापासून कितीतरी गावांत झालं.

ठरलेल्या दिवसाची ही ताकद कोलंबियाच्या बोगोता शहरानं तर वर्षभर वापरली आहे. १९७४च्या डिसेंबरात तिथे काही रस्ते सायकलस्वार आणि पादचाऱ्यांसाठी पहिल्यांदा मोकळे झाले; आज दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन, शंभर किलोमीटरहून अधिक रस्त्यांवर मोटारी नसतात. जाहिरात करावी लागत नाही. रविवार आला हीच जाहिरात.

दुसऱ्या दिवशी मागे काय उरतं, हा प्रश्न आपले आयोजक क्वचितच विचारतात. मुंबईत काळा घोडा असोसिएशन १९९८ साली स्थापन झाली आणि १९९९पासून नऊ दिवसांचा कला महोत्सव सुरू झाला. जहांगीर आर्ट गॅलरीसमोरचा रस्ता, डेव्हिड ससून वाचनालयाची बाग, हॉर्निमन सर्कल, एशियाटिकच्या पायऱ्या अशा जागा तो वापरतो. कार्यालयं सुटली की ओस पडणाऱ्या फोर्टात त्या संध्याकाळी खांद्याला खांदा लागतो, आणि या संस्थेनं आपली कमाई परिसरातल्या वारसावास्तूंच्या डागडुजीसाठी वापरली आहे. पॅरिसनं याहून पुढचं पाऊल टाकलं. २००२च्या उन्हाळ्यात महापौर बर्त्राँ दलानोए यांनी सेन नदीकाठचा द्रुतगती मोटारमार्ग काही आठवडे बंद करून तिथे वाळू, आरामखुर्च्या आणि छत्र्या मांडल्या. हसणारे हसले. दर उन्हाळ्यात लोकांनी तो काठ अनुभवला, आणि २०१६मध्ये उजव्या काठाचा एक मोठा भाग मोटारींना कायमचा बंद झाला. एवढा मोठा निर्णय कागदावरच्या आराखड्यानं लोकांच्या गळी उतरला नसता.

आता एखाद्या जिल्ह्याच्या गावाला हे करायचं असेल तर? पैशाचा प्रश्न मोठा नाही. बाजारपेठेतला तीन-चारशे मीटरचा रस्ता निवडावा आणि महिन्यातली एक संध्याकाळ पक्की करावी. पौर्णिमा सोपी, कोणाला कॅलेंडर पाहावं लागत नाही. संध्याकाळी पाच ते रात्री दहापर्यंत वाहनं बंद. रहिवाशांना परवाने आणि रुग्णवाहिकेला वाट. दुकानं त्या दिवशी उशिरापर्यंत उघडी, आणि प्रत्येकाच्या दारात एक बाक किंवा चार खुर्च्या. न्यूयॉर्कच्या चौकांचं वर्षानुवर्षं चित्रण करून विल्यम व्हाइट या अभ्यासकानं काढलेला निष्कर्ष फार साधा होता: जिथे बसायला मिळतं तिथे लोक बसतात, आणि माणसं बघायला माणसं येतात. त्याच्याच सल्ल्यातून तिथलं ब्रायंट पार्क १९९२ साली नव्यानं उघडताना तिथे उचलून हलवता येणाऱ्या खुर्च्या ठेवल्या गेल्या. एके काळी अमली पदार्थांचा अड्डा असलेली ती बाग आज दुपारी भरलेली असते.

करमणूक बाहेरून आणू नये, ती गल्लीतच असते. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या हंड्यावर मठारकाम चालतं तेव्हा हातोडीचा प्रत्येक ठोका मागच्या ठोक्याला चिकटून पडतो आणि सपाट पत्र्यावर चमकत्या खळग्यांची ओळ उमटते. हे पाहायला शाळकरी मूल अर्धा तास उभं राहील. प्रत्येक जुन्या गावात असं काही असतंच: अत्तराची पेढी, वाद्यं दुरुस्त करणारा, तालीम, छापखाना, शतक ओलांडलेलं वाचनालय. कारागिराला मात्र त्या संध्याकाळचा मोबदला द्यावा. त्याच्या कामाचा वेळ आपण घेत असतो.

आणि स्वच्छतागृहं. ती नसतील तर बाई तासाभरात घरी जाते, तिच्यासोबत कुटुंबही जातं. जागा चांगली चालते की नाही हे तिथल्या बायकांच्या संख्येवरून कळतं, हेही व्हाइटनं नोंदवलं होतं. म्हणून मोजणी करायची ती एकूण गर्दीची करू नये. चौकात उभं राहून तासातासाला बायका, म्हातारी माणसं आणि मुलं मोजावीत. शेवटची बस कार्यक्रमानंतर अर्ध्या तासानं सुटेल अशी एसटीशी किंवा परिवहन खात्याशी आधीच बोलणी करावीत, आणि फलकावर वेळ लिहावी. पहिल्या दोन महिन्यांत माणसं कमी दिसली तर घाबरून ऑर्केस्ट्रा बोलवू नये. निदान सहा महिने तोच रस्ता आणि तोच दिवस राहू द्यावा, आणि मग मोजणीच्या वह्या घेऊन दुकानदार आणि रहिवाशांसोबत बसावं.