खडी संपल्यावर खड्डा कोणाचा?

वस्तीच्या कडेला खडीची खाण आहे अशा आमच्या आयाबहिणींना पावसाळा म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. दगड संपला की ठेकेदार निघून जातो, खड्ड्यात पाणी साचते आणि पोरे पोहायला उतरतात. पोर बुडाल्याची बातमी दरवर्षी कुठून ना कुठून येतेच. अशा खड्ड्याचे दुसरे काही होऊ शकते काय, या विचाराने आम्ही इंग्लंडमधील एका खाणीची माहिती जमवली.

केंब्रिजशायर परगण्यात ग्रेट ऊझ नदीकाठी नीडिंगवर्थ ही वाळू-खडीची मोठी खाण आहे. हा मुलूख मुळात दलदलीचा. सतराव्या शतकात व्हर्मायडन या डच माणसाच्या देखरेखीखाली कालवे खोदून पाणी समुद्राकडे काढले आणि शेती आणली. पाणी गेले तशी तिथली काळी, कुजकट माती सुकून खचू लागली. त्याच भागात होम येथे १८५१ साली जमिनीच्या पातळीपर्यंत पुरलेला लोखंडी खांब आज सुमारे चार मीटर उघडा पडला आहे!

नीडिंगवर्थला सुमारे २ कोटी ८० लाख टन माल काढायचा, आणि खणून झालेली ७०० हेक्टर जमीन पाणथळ करून पक्षीसंरक्षण संस्थेच्या हवाली करायची, असे ठरले. त्यातील ४६० हेक्टरांवर नळाचे रान. नळ म्हणजे ज्याचे पूर्वी लिहिण्याचे बोरू करीत तोच. खाणीची कंपनी हॅन्सन. २०२३ पासून तिचे नाव हायडेलबर्ग मटेरियल्स. कंपनी धर्मादाय करीत नाही, हे आम्ही जाणतो. पण आम्ही हिशेबातली माणसे. पुढे येणाऱ्या खर्चाची तरतूद आधी धरली नाही तर नफा खोटा, हे कॉमर्सचे पोरही सांगेल. येथे ती धरली.

काम टप्प्याटप्प्याने चालते. एक तुकडा खणून झाला की वरून काढून ठेवलेली माती परत पसरून उथळ वाफे व चर करतात, पाण्याला दारे बसवतात आणि नळाची रोपे लावतात. रोप लहान असताना पाणी जास्त झाले तर ते गुदमरते, कमी झाले तर तण माजते. बदके-हंस कोवळे कोंब खाऊन टाकतात, म्हणून जाळीचे कुंपण. पुढेही नळ कापला नाही, चर उपसले नाहीत, तर झुडपे वाढून सारे कोरडे होते. एकदा लावले आणि फोटो काढला, असे हे काम नव्हे.

बगळ्याच्या कुळातला बिटर्न नळातच घरटे करतो. १९९७ साली साऱ्या ब्रिटनमध्ये घुमणारे नर फक्त ११ उरले होते. आता दोनशेच्या वर आहेत. जागोजागी राखलेल्या नळाच्या रानांनी हे झाले. नीडिंगवर्थलाही बिटर्न घुमतो.

आपल्याकडे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजांच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल असे सांगितले. २०२० साली, खाण संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती चाऱ्याजोगी करण्याची अट घाला, असेही बजावले. तेव्हा शेजारच्या खाणीचे मंजुरीपत्र मागून घ्या. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही लागत नाही. अर्ज लिहिता येत नसेल तर वस्तीतल्या दहावी झालेल्या मुलीला बसवा.